खाडीवरची दुसरी वाट

आमच्या धंद्यात तक्रारी दोनच प्रकारच्या येतात. एक, 'नेट बंद आहे.' दुसरी, 'नेट चालू आहे, पण त्याचा काही उपयोग नाही.' पहिली मला आवडते. कुठेतरी वायर तुटलेली असते, डबा जळलेला असतो, वीज गेलेली असते. जायचं, शोधायचं, जोडायचं. दुसरीत मात्र सगळं जागच्या जागी असतं, दिवे हिरवे असतात, आणि तरी समोरचा माणूस खोटं बोलत नसतो.

खाडीपलीकडच्या बाईंची तक्रार दुसऱ्या प्रकारची होती.

माझं माहेर पालीच्या अलीकडचं. शिकले इलेक्ट्रॉनिक्स, काही वर्षं पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या नेटवर्कवर नजर ठेवायचं काम केलं, आणि लग्नानंतर रत्नागिरीत आले. इथे आले तेव्हा ओळखीतले एक गृहस्थ केबल टीव्हीचा धंदा गुंडाळायच्या बेतात होते. वयाने माझ्याहून बरेच मोठे. खांबावर चढण्यात, केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा जोडण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला ताई म्हणतात. त्यांचे खांब आणि माझं शिक्षण अशी भागीदारी झाली आणि शहराभोवतीच्या गावांना आम्ही इंटरनेट द्यायला लागलो. भाऊंचा सिद्धांत असा, की सिग्नल म्हणजे पाणी. पाइप मोठा करा, टाकी उंच करा, काम झालं. माझा त्यावर विश्वास नव्हता, पण वाद घालायला वेळही नव्हता.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. खाडीपलीकडचं त्यांचं गाव मुसलमान वस्तीचं. जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कतारला, कुवेतला, नाहीतर जहाजावर. बाईंनी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की गावातल्या आज्यांना इंग्रजी येत नाही आणि आखातात वाढणाऱ्या नातवंडांना मराठी येत नाही. सुट्टीला मुलं येतात, आजीच्या शेजारी बसतात, आणि दोघं एकमेकांकडे बघून हसत राहतात. म्हणून बाईंनी त्या मुलांसाठी रोज संध्याकाळी व्हिडिओवर वर्ग सुरू केला. तिकडे मुलं शाळेतून येऊन, खाऊन-पिऊन बसायची तेव्हा इथे ऊन उतरलेलं असायचं.

त्यांचा पहिला फोन मला अजून आठवतो.

"माझा ळ पोचत नाही तिकडे," त्या म्हणाल्या.

"काय पोचत नाही?"

"ळ. मी नारळ म्हणते, मुलं नार म्हणतात. मी फळ म्हणते, मुलं फ म्हणून थांबतात. आधी मला वाटलं, तिकडे वाढलेली पोरं, जीभ वळत नसेल. पण मग एक मुलगी म्हणाली, बाई, तुमचा आवाजच तुटतो. आता तू मला सांग, अर्धा शब्द शिकवून मी काय करू?"

आम्ही त्यांची लाइन तपासली. स्वच्छ होती. भाऊंनी खांबापासून घरापर्यंतची तार बदलली. तरी तेच. "वेग वाढवून देऊ," भाऊ म्हणाले. वाढवून दिला. तरी तेच. सकाळी मी स्वतः त्यांच्याशी व्हिडिओवर बोलले तर आवाज खणखणीत.

मग मी संध्याकाळी ऑफिसात बसून त्या गावाकडे जाणाऱ्या आमच्या मुख्य डब्यावर नजर ठेवली. गावातली पोरं मॅच बघत होती, बायका मालिका बघत होत्या, कुणी सिनेमा उतरवून घेत होतं. लाइन भरली होती, पण फुटत नव्हती. बाईंच्या आवाजाचे छोटे छोटे तुकडे मात्र त्या डब्यात इतका वेळ तिष्ठत होते, की पलीकडे पोचेपर्यंत त्यांची वेळ टळून जायची. उशिरा आलेला आवाज कुणी वापरत नाही, टाकून देतात. तोच तो ळ.

भाऊंना मी फेरीबोटीचं उदाहरण दिलं. जेटीवर ट्रकांची रांग लागलीय, आणि मागे एक मोटारसायकलवाला औषध घेऊन उभा आहे. बोट कितीही मोठी आणा, तो ट्रकांच्या मागेच राहणार.

"मग रांगेला जागा वाढवू," भाऊ म्हणाले.

"उलट. रांगेची जागा कमी करायची. आणि मोटारसायकल पुढे घ्यायची."

"आणि जे ट्रक मावणार नाहीत ते?"

"परत पाठवायचे."

भाऊंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी गिऱ्हाइकांना दारातून हाकलायला सांगतेय. पण हे खरंच असं असतं. सिनेमा पाठवणाऱ्या मशीनला आपले काही तुकडे वाटेत पडले असं कळलं, की ते आपोआप हात आवरतं आणि सावकाश पाठवतं. रांग लांबच लांब ठेवली तर ते त्याला कळतच नाही, ते आपलं ओततच राहतं. मी रांग लहान केली, आवाजाच्या तुकड्यांना वेगळी वाट दिली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंना काहीच न सांगता वाट बघत बसले.

बाईंचा फोन आला. "आज सगळ्यांनी नारळ म्हटलं," त्या म्हणाल्या. "काय केलंस?"

"रांग लावली."

"मी आयुष्यभर तेच केलं," बाई म्हणाल्या, आणि आमची मैत्री झाली.

वर्गाचं हे सुख मात्र टिकलं पावसाळ्यापर्यंतच. त्या गावाला जाणारी आमची फायबरची केबल पुलावरून जायची. पूल खाडीच्या वरच्या अंगाला, लांबचा वळसा. त्यात त्या रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं. एके दिवशी जेसीबीने मातीबरोबर आमची केबलही उपसली. वरून पाऊस धो धो, चरात पाणी, जोडायला कोरडी जागा मिळेना. भाऊंनी ताडपत्री ताणून, अंगावर पाणी घेत जोडली. तोवर गाव कित्येक दिवस मुकं होतं. जोडली आणि पुढच्याच आठवड्यात शंभर पावलांवर पुन्हा तुटली.

बाईंनी या वेळी तक्रार केली नाही, हेच मला लागलं. त्या फक्त म्हणाल्या, "मुलं आता वर्गाला येईनाशी झालीत. रोज बसतात, बाई दिसत नाहीत, उठून जातात. सवय मोडायला वेळ लागत नाही गं."

मी भाऊंना म्हटलं, "दुसरी वाट काढायची. पुलावरून नाही, सरळ खाडीवरून."

खाडीवरून केबल नेणं आम्हाला शक्य नव्हतं. पण हवेतून जाता येत होतं. अलीकडे उंच सडा, जांभ्याच्या कातळाचं उघडं पठार. पलीकडे बाईंच्या घराची गच्ची. दोन्हीकडे एकेक डिश, समोरासमोर तोंड करून. पावसाळा सरल्यावर भाऊंनी सड्याच्या अगदी कडेला उंच पाइप रोवला. "इथून डायरेक्ट कुवेत दिसेल," ते म्हणाले. बाईंच्या गच्चीवर दुसरी डिश बसवली. पुलाच्या रस्त्याने जाण्यापेक्षा होडीने पलीकडे जाणं सोपं होतं. एक होडीवाला होता, तो आम्हाला सामानासकट नेऊन सोडायचा.

डिश लागल्या, सिग्नल आला तो असा दणदणीत, की भाऊंनी गच्चीवरच दोन्ही हात वर केले.

केबल एव्हाना जोडलेली होती. भाऊंचं म्हणणं, ही डिश राखीव ठेवू, केबल तुटली की वापरू. मी नाही म्हटलं. राखीव म्हणून नुसती ठेवलेली वाट ऐन वेळी दगा देते, हे मी पुण्यात पुरतं पाहिलं होतं. वापरल्याशिवाय वाटेचा भरवसा धरू नये. मी सगळ्या गावाचं नेट डिशवर टाकलं आणि बाईंना सांगितलं, "काही दिवस वर्गाकडे लक्ष ठेवा. जरा जरी खटकलं तरी फोन करा."

आठवडाभर काही नाही. आणि मग फोन. "गेलं." संध्याकाळी, भर वर्गात, चित्र गोठलं आणि आवाज बंद. दुसऱ्या दिवशी मी होडीने गेले, दुपारी जेवणाच्या सुमारास. गच्चीवर चढले, मोजलं. उत्तम. काही बिघाड नाही. तारा हलवून पाहिल्या, बोल्ट आवळले, परत आले. संध्याकाळी पुन्हा फोन. "गेलं."

पुन्हा गेले. पुन्हा उत्तम. तिसऱ्यांदा गेले तेव्हा बाईंची सून चहा देताना म्हणाली, "ताई, तुम्ही आलात की बरं होतं. तुम्ही इथेच राहायला या."

सगळे हसले. मीही हसले, पण आतून चिडले होते. पुलाकडे खोदकाम चालूच होतं, त्यामुळे पुन्हा केबलवर विसंबायचं धाडस होत नव्हतं. मग ते आपलं आपण बरं झालं. पुढचा सबंध आठवडा वर्ग सुरळीत चालला, आणि मग पुन्हा फोन, "गेलं." मी गावातल्या विजेवर संशय घेतला, शेजारच्या कुणाच्या वायफायवर घेतला. भाऊंनी सिग्नल कमी पडतोय म्हणून पाइप आणखी उंच केला. त्यानंतर ते आणखी वाईट झालं, हे मी तेव्हा डोक्यात ठेवायला हवं होतं.

"हे कधीपासून बिघडलंय, नीट आठवून सांगा," मी बाईंना विचारलं.

"चांद दिसला त्याच्या आसपास सुरू झालं," त्या म्हणाल्या. त्यांचा महिना चंद्रदर्शनापासून सुरू होतो. "मग आठवडाभर बरं होतं. मग पुन्हा, चंद्र पुरा झाला तेव्हा."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. चंद्राचा आणि डिशचा काय संबंध?

ऑफिसातल्या सिग्नलच्या आलेखावर एवढं मात्र दिसत होतं, की सिग्नल पडतो तो संध्याकाळी, आणि रोज थोडा थोडा उशिरा. मी ठरवलं, की आता मुद्दाम वर्गाच्या वेळेलाच पलीकडे जाऊन बसायचं. काय होतं ते समोर होऊ दे. दोन दिवसांनी अमावास्या होती, पण तेव्हा ते माझ्या ध्यानातही नव्हतं. ऊन उतरायच्या वेळी मी जेटीवर पोचले. होडीवाला होडी बांधून विडी ओढत बसला होता.

"चला," मी म्हटलं.

"आता नाय जमायचं."

"का?"

त्याने नुसता हात केला. मी खाली पाहिलं. खाडी पार तळाला गेली होती. जेटीच्या पायऱ्यांखाली चिखल, चिखलात खेकड्यांची भोकं, आणि मधोमध पाण्याचा एक अरुंद, चकचकीत पट्टा. त्याची होडी चिखलावर कलंडून पडली होती.

"तुम्हाला दर वेळी भरतीलाच बोलावतो ना मी," तो म्हणाला. "पाणी असल्याशिवाय पलीकडे होडी लागत नाय."

मी पिशवीतला फोन काढला. आलेखावरची रेघ माझ्या डोळ्यांसमोर खाली घसरत होती. पलीकडे बाईंचा वर्ग त्याच क्षणी बंद पडला असणार. आणि मी त्या चिखलाकडे बघत उभी, एकटीच मोठ्याने हसायला लागले. होडीवाला घाबरला.

मी दर वेळी भरतीला जात होते! भरतीला गेल्यावर सिग्नल उत्तम असायचा, म्हणून मला बिघाड कधी दिसलाच नव्हता. अमावास्या-पौर्णिमेला आमच्याकडे भर दुपारच्या आत-बाहेर मोठी भरती असते आणि संध्याकाळी मोठी ओहोटी. मधल्या आठवड्यात भांगाचं पाणी, धड चढत नाही, धड उतरत नाही. बाईंनी तर मला अख्खं पंचांग सांगितलं होतं. मी पालीकडची, घाटाच्या वाटेवरची. खाडी माझ्या हाडात नाही. पण लहरी कशा चालतात ते माझ्या हाडात आहे, आणि आता दोन्ही गोष्टी जुळल्या होत्या.

ऑफिसात येऊन मी भाऊंना टेबलावर आरसा ठेवून दाखवलं. एका डिशमधून निघालेल्या लहरी दुसरीकडे दोन वाटांनी पोचतात. एक सरळ हवेतून. दुसरी खाली पाण्यावर आपटून, आरशावरून उजेड उडतो तशी. दोन्ही एका तालात पोचल्या तर उत्तम. पण पाणी खाली गेलं की दुसरी वाट लांबते, ताल चुकतो. आणि एक वेळ अशी येते, की एक वर जात असताना दुसरी खाली येते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. सिग्नल कमी नसतोच. दोन सिग्नल भांडत असतात.

"मग पाइप अजून उंच करू," भाऊ म्हणाले.

"उंच केल्याने पाणी जास्त दिसतं. आपल्याला पाणी दिसायलाच नको. बाईंची गच्ची दिसली पाहिजे, पण पाणी दिसता कामा नये."

"म्हणजे?"

"पाइप कडेवरून मागे घ्यायचा. आणि खाली."

भाऊ खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या आयुष्यभराच्या केबलच्या धंद्यात अँटेना कुणी खाली आणली नव्हती. "ताई, लोक हसतील."

"हसू देत. वर्ग चालला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं सड्यावर गेलो. गवत वाळून पिवळं झालं होतं, कातळ तापायला लागला होता. बाईंना फोन करून गच्चीवर यायला सांगितलं. त्या लाल ओढणी घेऊन आल्या. मी कडेवर उभी राहिले. खाली खाडी पसरलेली, पलीकडे माड, माडांच्या वर गच्ची, गच्चीवर लाल ठिपका हलतोय.

"दिसते का मी?" फोनवर बाई.

"दिसता. हलवत राहा."

मग मी तोंड खाडीकडे ठेवून उलटी चालायला लागले. भाऊ माझ्या मागे, मी कुठे आपटू नये म्हणून हात पसरून. एकेक पाऊल मागे, तशी सड्याची कड वर चढत गेली आणि खाडी तिच्याखाली सरकत गेली. आधी अलीकडचा काठ गेला. मग मधलं पात्र. मग पलीकडच्या काठालगतची पाण्याची एक रेघ तेवढी राहिली. आणखी थोडं मागे, आणि तीही गेली. आता कातळाच्या कडेवर थेट माडांचे शेंडे टेकलेले, आणि त्यांच्या वर तो लाल ठिपका.

"भाऊ, इथे," मी म्हटलं.

भाऊ माझ्या जागी येऊन उभे राहिले. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ पाहिलं. गुडघ्यात वाकून पाहिलं, टाचा उंचावून पाहिलं. टाचा उंचावल्या तशी त्यांना पाण्याची रेघ पुन्हा दिसली असावी, कारण ते पटकन खाली आले.

"उंच झालं की दिसतं," ते स्वतःशीच म्हणाले. मग कातळावर खडूने फुली मारली आणि ओरडले, "बाई, खाली या आता, ऊन लागेल!" फोन माझ्याकडे होता हे ते विसरले होते.

जांभ्यात भोक पाडून बुटका पाइप रोवला. येणारे-जाणारे खरोखरच हसले. एकाने विचारलं, की ही डिश लपवून का ठेवलीय. पौर्णिमेच्या संध्याकाळी मी ऑफिसात आलेख उघडून बसले. खाडी तळाला गेली असणार, ती वेळ आली. रेघ सरळ. मी भाऊंना हाक मारली. ते आले, त्यांनी रेघ पाहिली आणि बाहेर जाऊन दोन चहा सांगितले.

त्यानंतर मी दोन्ही वाटा एकमेकींना बांधल्या. गावाचं नेट केबलवरून जाईल, आणि केबल गेली तर कुणालाही न विचारता डिशवरून जाईल. केबल परत आली की परत केबलवर. यात माणसाने उठून काही करायचं नाही. माणूस उठेपर्यंत वर्ग संपलेला असतो. जमवून घ्यायला काही दिवस गेले. मी स्वतः केबल काढून, घालून, पुन्हा काढून पाहिलं.

खरी परीक्षा जेसीबीनेच घेतली. ऐन वर्गाच्या वेळी पुलाकडची केबल तुटल्याची सूचना आली. भाऊ सवयीने उठले, पिशवी उचलली, आणि दारात थांबून माझ्याकडे बघू लागले. मी पडद्यावर बघत होते. गावाचं सगळं नेट डिशवर सरकलं होतं. मालिका चालू, मॅच चालू, बाईंच्या आवाजाचे तुकडे आपापल्या वेळेवर रांगेतून पुढे जात होते.

"बसा," मी म्हटलं. "उद्या सकाळी उजेडात जोडा."

एवढ्या वर्षांत मी भाऊंना हे पहिल्यांदाच सांगत होते. ते बसले, पण पिशवी मांडीवरच ठेवली.

दुसऱ्या दिवशी केबल जोडून झाल्यावर आम्ही बाईंकडे गेलो. खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला गेलो.

"काल संध्याकाळी काही जाणवलं का?" मी विचारलं.

बाई विचारात पडल्या. "काल? नाही बुवा. काल सगळ्यांनी आपापल्या आजीवर पाच वाक्यं म्हणून दाखवली. का, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. पण भाऊंना राहवेना. त्यांनी जेसीबी, केबल, डिश, सगळी हकीकत हातवारे करून सांगितली. पाणी दिसायला नको हा माझा मुद्दा तर असा समजावला, की जणू त्यांच्या घराण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे काही झालं असतं, पण झालं नाही," त्या म्हणाल्या. "मग शाबासकी द्यायची कशाबद्दल?"

"त्याचबद्दल," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि आम्हाला जेवायला थांबवून घेतलं. तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण होतं. हात धुऊन आल्यावर भाऊ जरा अवघडून म्हणाले, "बाई, एक विचारू? माझी नात आहे. इंग्रजी शाळेत जाते. फोनवर मला हाय म्हणते आणि संपलं. तुमच्या वर्गात घ्याल का तिला?"

"घेईन की. कुठे असते? दुबईला?"

"नाही, पुण्याला."

"पुण्याला?" बाईंनी भाऊंकडे आणि मग माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं. "तिकडचं नेट भरवशाचं आहे ना?"